कोरडं, ओलं आणि कंट्रोल

आमच्या लॅबमध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. टेस्ट होऊन झिजलेली चकती फेकायची नाही, त्या डब्यात टाकायची, असा नियम. किस्स्यांसाठी असा वेगळा डबा कोणी ठेवला नाही, पण तेही साठतच गेले. फरक एवढाच, की चकती घासून घासून पातळ होते आणि किस्सा सांगून सांगून जाड होतो! परवा डबा आवरताना सतरा नंबरची चकती हाताला लागली. तिच्या कडेला अजून कुंकू होतं. एकटीच हसत बसले आणि म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

मी नांदेडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. नाव शोभा, पण पोरं, शिपाई, प्राचार्य, सगळे मला ‘ताई’ म्हणतात. एकदा फोनवर नवराही म्हणाला होता, पण तो किस्सा घरचा आहे.

लॅबचं काम सांगायला सोपं. धातूवर धातू घासायचा आणि कोण किती झिजलं ते मोजायचं. मग झीज कमी कशी होईल यावर डोकं खाजवायचं. त्यातच हदगावची वैशाली कांबळे पीएचडी करत होती. गाइड बिरादार सर, मूळचे उदगीरकडचे. राग आला की मराठी सोडून कानडीत शिरतात. आणि वर्कशॉपमध्ये लेथवर रहीमचाचा. वैशालीची प्रत्येक चकती, प्रत्येक पिन त्यांच्या हातची. कुठलंही मशीन बिघडलं की चाचा आधी कान लावतात, मग हात.

वैशालीचं सहावं वर्ष चालू होतं. शेवटची मुदतवाढ मिळाली होती आणि यानंतर मिळणार नाही, असं विद्यापीठाने लेखी कळवलं होतं. तेवढ्या मुदतीत तिने शोधलेला झीज रोखणारा लेप कारखान्यातल्या खऱ्या मशीनवर दोनशे तास टिकून दाखवायचा होता. नाही टिकला, तर सहा वर्षं पाण्यात. ही पोरगी माझ्या नात्याची ना गोत्याची, पण तिच्या मुदतीच्या तारखेला माझ्या घरच्या कॅलेंडरवर लाल गोल होता.

* * *

पहिला किस्सा बोर्डाचा.

आमच्या दारावर आधी ‘ट्रायबॉलॉजी लॅब’ असा बोर्ड होता. घर्षण आणि झिजेच्या शास्त्राचं ते नाव. एक दिवस इस्लापूरहून एक गृहस्थ पोराला घेऊन आले आणि माझ्यापुढे कागदांची चळत ठेवली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं व्यवस्थित, झेरॉक्ससकट.

“हे काय?” मी विचारलं.

“शिष्यवृत्तीचं हाय. ट्रायबलचं हापिस हेच ना?”

बिरादार सर हळहळले. म्हणाले, “चूक त्यांची नाही, बोर्डाची आहे. शास्त्र लोकांच्या भाषेत पाहिजे!” आणि आठ दिवसांत नवा बोर्ड आला. मोठ्या अक्षरांत, ‘घर्षण व वंगण प्रयोगशाळा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पसात फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर दारात उभे. हातात एक्स-रे.

“ताई, डॉक्टर म्हणले, गुडघ्यातलं वंगण संपलं. इथं भरून मिळतं का?”

मी नाही म्हटलं. मास्तर बोर्डाकडे बघून म्हणाले, “मग एवढा बोर्ड काहून लावला?”

आठवड्याभरात दारात बाकडं टाकावं लागलं. सर रोज बाहेर जाऊन समजावायचे. त्यात सरांना समजावण्याची हौस! “हे बघा, दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. मधलं वंगण कमी झालं की करकर आवाज येतो, मग झीज होते.”

“हाव, हाव! अगदी तसंच होऊन राहिलं, सर!” अख्खं बाकडं एका सुरात.

“साकु! साकु!” सर कानडीत ओरडत आत आले. साकु म्हणजे पुरे. त्याच दुपारी त्यांनी पेंटर बोलावून बोर्डाखाली लाल रंगात ओळ टाकून घेतली, ‘फक्त धातूंसाठी’.

बाकडं रिकामं झालं. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी ते पहिले मास्तर पुन्हा हजर. आता चेहऱ्यावर आत्मविश्वास.

“सर, डावा गुडघा ऑपरेशन करून बदललेला हाय. स्टीलचा!”

* * *

वैशालीचा लेप म्हणजे नेमकं काय, हे सरांनी मला चार वेळा सांगितलं. चारही वेळा मी मान हलवली. ते कळलं रहीमचाचांमुळे, जेवणाच्या सुट्टीत.

चाचांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. चटणीत बोटाने खड्डा केला आणि त्यात तेल सोडलं.

“ताई, देखो. सूखी चटणी नुसती घेतली तर उडती, घशात अटकती. नुसतं तेल घेतलं तर भाकरीवरून पळून जातं. खड्डा करके तेल डाला, के दोनों एकमेका को पकडते. बेटी का पीएचडी येच है!”

आणि खरंच तेवढंच होतं. धातूवर काळ्या कोरड्या भुकटीचा लेप भाजून बसवायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे, आणि खड्ड्यांत तेल. घासताना तेल हळूहळू वर येतं. तेल आटलंच, तर कोरडा लेप जीव धरून राहतो. नुसत्या तेलाने जे होत नाही, नुसत्या भुकटीने जे होत नाही, ते दोघं मिळून करतात.

वैशालीने चटणीचा फोटो थेट तिच्या सेमिनारमध्ये टाकला. समोर तीन जणांची कमिटी. जेवणाची वेळ टळून गेलेली. पडद्यावर चटणी आली आणि कमिटीतल्या बाई सावरून बसल्या.

“ही शेंगदाण्याची दिसते. तेल तर कारळाच्या चटणीत जास्त मुरतं.”

“छे, छे! जवसाची घ्या,” दुसरे म्हणाले. “जवसाला स्वतःचं तेल असतं.”

“म्हणूनच ती नको ना! बाहेरचं तेल धरणार कशी?”

पंचवीस मिनिटं! वैशाली हातात पॉइंटर घेऊन उभी. तिच्या पुढच्या चाळीस स्लाइड कोणी पाहिल्याच नाहीत. फक्त तिसरे, जाड चष्म्याचे सर चटणीत पडले नाहीत. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कारखान्यातल्या टेस्टला कंट्रोल काय ठेवणार?”

कंट्रोल म्हणजे लेप न दिलेला तसाच दुसरा तुकडा. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच वजनाखाली, तेवढेच तास चालवायचे, म्हणजे फरक लेपाचा आहे हे सिद्ध होतं. कारखानदार एक जागा द्यायलाही कुरकुरतात, दुसरी कोण देणार? वैशाली हळूच म्हणाली, “बघते, सर.”

संध्याकाळी कमिटीचा शेरा हातात आला. ‘प्रगती समाधानकारक. फील्ड ट्रायलला कंट्रोल अनिवार्य. कारळाचा विचार व्हावा.’

* * *

तेव्हापासून सरांनी कंट्रोलचा धोशा लावला. वैशाली येताना दिसली की कंट्रोल, जाताना दिसली की कंट्रोल.

एक दिवस तिचे दोन्ही हात तेलात आणि आईचा फोन आला. हात बरबटले की ती फोन स्पीकरवर टाकते. आई हदगावला अंगणवाडीत मदतनीस. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न सहा वर्षं एकच, “झालं का तुझं तेल?”

तेवढ्यात सर आत आले आणि गरजले, “वैशाली! कंट्रोल कुठाय तुझं? कंट्रोल नसेल तर काही खरं नाही!”

पलीकडून आई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “कंट्रोल? कंट्रोलचं तर मागच्या म्हैन्यातच उचललं की गं माय! गहू बरे न्हाईत, पण तांदूळ चांगला हाय.”

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला जुनी माणसं अजून कंट्रोलच म्हणतात. वैशालीने समजावायला तोंड उघडलं, पण आईने फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी हदगावच्या एसटीने लॅबच्या पत्त्यावर एक पिशवी आली. आत पाच किलो तांदूळ. वर वहीच्या कागदाची चिठ्ठी, ‘बिरादार सरांना. कंट्रोल.’

मला वाटलं, आता सर कानडीत जाणार. सरांनी पिशवीची गाठ सोडली, चार दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले आणि वैशालीला गंभीरपणे विचारलं, “याला लेप नाही ना दिलेला? मग चालेल.”

* * *

आता सतरा नंबरच्या चकतीचा किस्सा. यात चूक माझी आहे, ती आधीच कबूल करते.

खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या सगळ्या मशीनची पूजा करतो. त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरलाही मान असतो. आमचं मुख्य मशीन म्हणजे फिरणारी चकती. तिच्यावर एक पिन टेकते आणि ती पिन दाबून धरायला टेबलाखाली, जाळीच्या आत दांड्याला वजनं टांगतात. वजन टांगण्याचं काम माझं. मी मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, निरांजन ओवाळलं. हळदकुंकवाचं एक बोट सतरा नंबरच्या चकतीलाही लावलं. तेही मशीनचंच लेकरू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वैशालीने टेस्ट लावली. स्क्रीनवरची घर्षणाची रेघ वर चढलीच नाही. जमिनीलगत आडवी पडून राहिली.

सर धावत आले. “एवढं कमी घर्षण तर मी पुस्तकातही पाहिलं नाही!”

वैशालीने चकती काढली आणि थबकली. “ताई, हे कुंकू?”

“लावलं थोडं. हळदही आहे. निरांजनातलं तेलही सांडलं असेल एखादा थेंब.”

सरांचे डोळे चमकले. “कोरडी हळद! ओलं तेल! कोरडं आणि ओलं!” त्यांनी खुर्ची ओढली आणि वहीत लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी नुसती हळद लावून टेस्ट. रेघ आडवी. मग नुसतं कुंकू. रेघ आडवी. मग सर म्हणाले, ताईंच्या हाताचा परिणाम वेगळा काढला पाहिजे. म्हणून त्यांनी स्वतः हळद लावली. तरी आडवी! चार दिवस मी रोज सकाळी मशीनला ओवाळत होते आणि सर घड्याळ लावून निरांजन किती सेकंद फिरलं ते मोजत होते. वैशालीच्या रजिस्टरमध्ये आजही नोंद आहे, ‘हळद, एक चिमूट, ताईंच्या हातची’.

पाचव्या दिवशी काहीच न लावता कोरी चकती चालवली. तरी रेघ आडवीच!

कोणालाही इथे शंका यायला हवी होती. सर म्हणाले, “याचा अर्थ पूजेचा परिणाम टिकाऊ आहे.”

तेवढ्यात रहीमचाचा नवीन पिना घेऊन आले. दारातच थांबले. मान तिरकी केली, कान मशीनकडे.

“ये तो हवा में फिर रही,” चाचा म्हणाले. मग टेबलाखाली वाकले. “ताई, वजन कुठंय?”

मला एकदम आठवलं. पूजेच्या दिवशी वजनं काढली होती, चिंचेने घासून लख्ख केली होती, पाटावर मांडली होती.

“देवापुढं,” मी म्हटलं.

* * *

मधे एक छोटासा, दाराचा.

घर्षण आणि वंगणाच्या या लॅबचं स्वतःचं दार असं किंचाळायचं, की पलीकडच्या ड्रॉइंग हॉलमध्ये पोरांच्या रेघा हलायच्या. आतमध्ये नऊ प्रकारची तेलं आणि दाराच्या बिजागरीला थेंब नाही! पाहुणे हसायचे. सर चिडायचे, “ताई, दाराला तेल घाला.” मी हो म्हणायचे. सहा वर्षं हो म्हणत होते.

कारण त्या किंचाळण्यावर आमचा संसार चालला होता. सर दारात आले की कर्रर्र, आणि तेवढ्या सेकंदात वैशालीचा मोबाईल ड्रॉवरमध्ये, माझी भाजी निवडायची परात टेबलाखाली.

एका शनिवारी सरांनी स्वतःच तेल घातलं. सोमवारी दार उघडल्याचं कोणाला कळलंच नाही. सर माझ्यामागे किती वेळ उभे होते, देव जाणे. मी मेथी निवडत होते.

सर शांतपणे म्हणाले, “ताई, देठं जास्त ठेवताय.”

* * *

आणि हा शेवटचा, लातूरचा.

वैशालीला फील्ड ट्रायलसाठी जागा मिळाली ती लातूरच्या एका डाळमिलमध्ये. मालक अप्पा. धिप्पाड, कपाळाला विभूती, बोलणं मोजून मापून. मिलमध्ये डाळ वर चढवायचा एक पट्टा होता आणि तो पट्टा ओढणाऱ्या शाफ्टला एका टोकाला पितळी बुश होतं. बुश म्हणजे ज्या कड्यात शाफ्ट फिरतो ते कडं. तेल घातलं की त्यावर डाळीचा भुगा बसायचा, तेलाची खळ व्हायची आणि बुश दर थोड्या दिवसांनी खलास. शिवाय दिवसभर कर्रर्र-कुंई, कर्रर्र-कुंई.

अप्पा म्हणाले, “ह्या एका बुशाच्या जागी तुमचं लावा. पलीकडच्या मशीनला हात न्हाई लावायचा.”

म्हणजे कंट्रोल नाहीच. वैशालीचा चेहरा पडला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत राहिले. सर शेवटी म्हणाले, “आधी दोनशे तास पुरे करू. पुढचं पुढं.”

रहीमचाचांनी बुश बनवलं, वैशालीने लेप दिला, खड्ड्यांत तेल मुरवलं. सोमवारी बसवलं. मशीन सुरू झालं आणि आवाज थांबला! पट्टा फिरतोय, डाळ वर चढतेय, आणि कर्रर्र नाही, कुंई नाही. वैशालीने माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली.

गुरुवारी अप्पांचा फोन. “म्याडम, ते तुमचं काढून न्या बगा.”

“काय झालं, अप्पा? बिघडलं का?”

“बिघडलं न्हाई, तेच तर! आवाजच येईना!”

आम्ही तिघं आणि चाचा पहिल्या एसटीने लातूर. अप्पा गादीवर डोकं धरून बसलेले. त्यांच्या शेजारी एक काटकुळे, नव्वदीचे म्हातारे ताठ बसले होते. ते अप्पांचे वडील, अण्णा. मिलच्या मागच्या खोलीत राहतात.

अप्पांनी आम्हाला बाजूला नेलं. “चाळीस वर्सं झाली, अण्णा दुपारी त्या आवाजावर झोपतेत. आवाज बंद झाल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई. जेवण झालं की गादीवर येऊन बसून राहिले. काल गिऱ्हाईकाला काय म्हणले म्हाईत हाय? ही डाळ नको घेऊ, शेजारच्याची चांगली हाय!”

तेवढ्यात गादीवरून अण्णांचा आवाज आला, “ही तूर मागल्या सालची हाय बरं का!” आणि एक व्यापारी हातातली डाळ पोत्यात टाकून उठला.

“काढा!” अप्पा कळवळून म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काढा!”

लेपाचे फक्त तीस तास झाले होते. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही भडभडून आलं. सगळ्या जगाला नको असलेला आवाज तिने घालवला आणि म्हणून तिची पीएचडी चालली होती!

सरांनी आधी मोबाईलची युक्ती केली. शेजारच्या मिलमधला तसाच आवाज रेकॉर्ड करून आणला आणि अण्णांच्या खाटेखाली फोन ठेवला. अण्णांचे डोळे मिटायला लागले. तेवढ्यात सरांना बायकोचा फोन आला आणि खाटेखालून भक्तिगीत सुरू झालं. अण्णा उठले, चपला घातल्या आणि गादीवर येऊन बसले.

रहीमचाचांनी मान हलवली. “आवाज असली होना. नकली पे नींद आती क्या?”

पहिलं बुश ज्यातून केलं तो पितळी दांडा चाचांनी सोबत आणला होता, त्यातूनच जवळच्या एका लेथवर दुसरं बुश कापलं. दुसरा दांडा नव्हताच. त्याच मापाचं, पण कोरं, लेप नाही. शाफ्टचं दुसरं टोक बाहेर आलेलं होतं, त्यावर ते चढवलं आणि खाली वजन टांगलं. यावेळी वजन मी आठवणीने टांगलं, तीनदा हात लावून पाहिलं. पट्टा सुरू झाला. बारीकसं कुंई निघालं.

खाटेवरून अण्णा म्हणाले, “लई बारीक हाय.”

मी वजन वाढवलं. “आणखी.” आणखी वाढवलं. “आता जाड झाला. थोडा उतरवा.” अर्धा किलो उतरवलं. अण्णांनी डोळे मिटले, बोट वर केलं, “हां. ह्योच.” आणि बोट खाली यायच्या आत घोरायला लागले.

वैशालीने सवयीने वजनाचा आकडा लिहून घेतला. लेपाच्या बुशावर पट्ट्याचा जेवढा भार होता, बरोबर तेवढाच भरला. साहजिकच होतं. तोच आवाज हवा असेल तर तेवढाच भार लागणार! आम्ही त्याकडे लक्षही दिलं नाही. मी रजिस्टरमध्ये त्या कोऱ्या बुशाचं नाव लिहिलं, ‘भोंगा’. तासांची मोजणी मात्र त्या दिवसापासून पुन्हा एकपासून सुरू केली, कारण बसवाबसवीत लेपाचं बुश एकदा काढावं लागलं होतं आणि सरांना नोंदीत भेसळ चालत नाही.

दोनशे तास भरले तेव्हा मुदतीला चार दिवस उरले होते. तपासायला आले ते जाड चष्म्याचे सर. सकाळी त्यांच्यासमोर मशीन बंद केलं. लेपाचं बुश काढलं, पुसलं, वजन केलं. जवळजवळ जसंच्या तसं. मग त्यांची नजर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाकडे गेली.

“आणि हे काय?”

चाचांनी भोंगा काढून त्यांच्या हातात दिला. आतून झिजून झिजून पार अंडाकृती झालेला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, आमच्या रजिस्टरमधला वजनाचा आकडा वाचला, खिशातला कॅल्क्युलेटर काढला.

“एकच दांडा. एकच शाफ्ट. तोच भुगा. तेवढेच तास. आणि भारसुद्धा तोच!” त्यांनी चष्मा काढला. “इतकं चोख कंट्रोल मी आजपर्यंत पाहिलं नाही!”

बिरादार सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे, चाचांनी छताकडे.

जेवणं झाली. चाचांनी दोन्ही बुश पुन्हा बसवली आणि मशीन सुरू केलं. कर्रर्र-कुंई, कर्रर्र-कुंई. चष्म्याचे सर गादीवर बसून फॉर्म भरायला लागले. एका रकान्यापाशी पेन थांबलं.

“कंट्रोलचा भार निश्चित करणाऱ्याचं नाव? बिरादार, तुमचं लिहू?”

सरांनी वैशालीकडे पाहिलं. पोरीला खोटं बोलणं सहा वर्षांत जमलं नव्हतं.

“नाही, सर. अण्णांनी ठरवला.”

“कोण अण्णा?”

“आमचे वडील,” अप्पा छाती पुढे काढून म्हणाले. “नुसतं आवाज ऐकून सांगितला, सर. चाळीस वर्सांचा अनुभव हाय.”

चष्म्याचे सर चकित झाले. त्यांनी रकान्यात ‘श्री. अण्णा’ असं लिहिलं. खाली सही केली. मग पेन बंद करून आदराने विचारलं, “त्यांना भेटता येईल का? दोनच मिनिटं.”

अप्पांनी मागच्या खोलीच्या दिशेने कान दिला.

“आत्ता न्हाई, सर. मशीन चालू हाय ना!”

“बरोबर आहे, बरोबर आहे,” चष्म्याचे सर आवाज खाली आणून म्हणाले.